खिडकीसमोरची चिंच

सांगलीला पालिकेच्या उद्यान विभागात मी लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शेतकी कॉलेजातून बाहेर पडून मला फार दिवस झाले नव्हते. घर शिरवळला, वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर. माझा हुद्दा होता वृक्ष निरीक्षक. आईला तो हुद्दा काही केल्या पटत नसे. "एवढं शिकलीस आन् झाडाला नोटिसा चिकटवत फिरतीस?" असं ती म्हणायची.

ते काही खोटं नव्हतं. शहरात कुणाला दारातलं झाड तोडायचं असलं की पालिकेत अर्ज यायचा. मी सायकलवर जाऊन झाड बघायचं, बुंध्याचा घेर मोजायचा, कीड लागली आहे का, भिंतीत मुळं शिरली आहेत का हे तपासायचं आणि खोडावर नोटीस लावायची : हे झाड तोडण्यास कुणाची हरकत असल्यास कळवावे. हरकत कधी कुणी कळवत नसे. झाडाच्या बाजूनं बोलायला एक माणूस येत नाही, याचं पहिल्या पहिल्यांदा मला फार वाईट वाटायचं.

आमचे उद्यान अधीक्षक सातारचे होते. निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. साताऱ्याच्या कडेला एक उघडी टेकडी होती, तिच्या उतारावर तरुणपणी त्यांनी चर खणून झाडं लावली होती. शनिवारी आम्ही दोघं एकाच एसटीनं निघायचो. ते साताऱ्याला उतरायचे, मी पुढं शिरवळला जायची. गाडी साताऱ्याजवळ आली की ते खिडकीतून ती टेकडी दाखवायचे. मला ती लांबून हिरवट डागासारखी दिसायची. त्यांना मात्र त्यातलं एकेक झाड दिसत असावं.

"झाडाला पाणी काय, कुणीही घालतं," ते एकदा म्हणाले. "शेजार चांगला मिळाला पाहिजे हो त्याला."

चिंचेचा अर्ज आला तो जून संपता संपता. अर्ज करणारे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार होते. कडेगावकडचे, घरी उसाची शेती. पण शेती भावांवर सोपवून नवराबायको सांगलीतल्या एका जुन्या वसाहतीत छोटं घर बांधून राहत होते. घरासमोरच्या चिंचेवर बगळ्यांनी घरटी केली आहेत, त्यांच्या घाणीमुळे आजारी पत्नीला त्रास होतो, सबब झाड तोडावे, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी गेले तेव्हा भुरभुर पाऊस होता. गल्लीत वळायच्या आधीच वास आला. कुजलेल्या मासळीचा, नाकात बसणारा. मग आवाज. कुणीतरी सुकी खोबरी एकमेकांवर आपटावीत तसा एकसारखा कक्‌कक्‌कक्‌. आणि मग झाड. कवेत न मावणारा बुंधा, आणि वर फांदीफांदीवर पांढरे बगळे, राखाडी रातबगळे, मातकट ढोकऱ्या. काटक्यांची घरटी एकाला एक लागून, आणि त्यांच्या कडांवरून माना वर काढून ओरडणारी, केस विस्कटल्यासारखी दिसणारी पिल्लं. खालचा रस्ता चुना सांडल्यासारखा पांढरा झाला होता.

हवालदार काका फाटकातच उभे होते. उंच, ताठ, डोक्यावरचे केस बारीक कापलेले. मी पालिकेतून आले म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या सायकलीकडे एकदा बघितलं.

"तुमीच का? मोठं सायेब न्हाई आलं?"

"आधी मी बघते. मग ते येतील."

"बघा की. बघायला काय, सगळी गल्ली बघतीया."

मी झाडाखाली शिरले तशी त्यांनी घाईनं छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. पावसासाठी नव्हे, वरून सारखं टपटपत होतं. मी बुंध्याभोवती फिरले तसे तेही छत्री धरून माझ्यामागं फिरले आणि फिरता फिरता तक्रार सांगत राहिले. बायकोला चैतात लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यात जमा. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा दोन घास खात होती. पाऊस लागला, ही पाखरं आली, वास सुटला, आणि तिनं जेवण सोडलं.

"तोंड भिताडाकडं करून पडती. खायाला दिलं तर मान फिरवती. वासानं मळमळत आसंल, दुसरं काय?" ते म्हणाले. "कवा तोडताय ते सांगा."

मी त्यांना सांगितलं की घरट्यांत पिल्लं असताना फांदीला हात लावता येत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, थांबावं लागेल. नंतर झाड तपासून ठरवू.

त्यांनी छत्री बाजूला घेतली नाही, पण आवाज चढला. "आवं बाई, माणूस मोठं का पाखरू मोठं? दसऱ्यापतूर ऱ्हायाला तर पायजे ती!"

मी नोटीस न लावता तशीच परत फिरले. सायकलच्या सीटवर एक मोठा पांढरा डाग पडला होता. तो त्यांनी आतून फडकं आणून न बोलता पुसला.

कचेरीत आल्यावर मी अधीक्षकांना सगळं सांगितलं. पिल्लं उडेपर्यंत तोड नाही, यावर ते ठाम होते. "पण त्या बाईंचं काय?" मी विचारलं. त्यांनी बाहेरच्या रोपवाटिकेकडं बघत सांगितलं.

"वास कमी केला पाहिजे. झाड वाचवायचं म्हणजे खालच्या माणसाचं काहीतरी केलंच पाहिजे. नाहीतर त्यांनी का म्हणून सोसायचं?"

मग त्यांनी स्वतः लाकडाच्या वखारीत जाऊन भुशाची पोती मिळवली. झाडाखाली भुसा पसरायचा, पाखरांची शीट त्यात मुरली की तो भुसा खरवडून रोपवाटिकेच्या खतखड्ड्यात टाकायचा, टँकरनं रस्ता धुवायचा आणि पुन्हा नवा भुसा. आठवड्यातून दोनदा. रोपवाटिकेतल्या दोघी बायका माझ्याबरोबर आल्या. नाकाला पदर बांधून त्या भुसा ओढायच्या आणि वरच्या पाखरांना जिभेला येईल ते बोलायच्या. काका पहिल्या दिवशी फाटकात हाताची घडी घालून उभे राहिले. दुसऱ्या खेपेला खराटा घेऊन आले. तिसऱ्या खेपेला आम्हाला चहा मिळाला.

वास बराच उतरला. गल्लीतल्या लोकांनी तसं बोलूनही दाखवलं. पण काकी जेवेनात.

काकींना मी पहिल्यांदा बघितलं ती चहाचे कप आत ठेवायला गेले तेव्हा. घराच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. तिथं खाटेवर एक हाडकुळी बाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. चादर एकही सुरकुती न पडू देता ओढलेली, लष्करात घालतात तशी. पाण्याचा तांब्या, औषधं, पंचा सगळं एका रेषेत. खोली स्वच्छ होती. काका रोज तिला अंघोळ घालत, लुगडं नेसवत, वेणी घालत. वेणी मात्र बघण्यासारखी होती. सुतळीचा दोर वळावा तशी करकचून वळलेली आणि टोकाला गाठ मारलेली.

"मला तेवढंच जमतंय," माझी नजर बघून काका म्हणाले. "दोर वळायला शिकवला व्हता पल्टणीत."

त्या दिवसापासून मी जरा लवकर जायला लागले. बायका भुसा भरत तोवर मी आत जाऊन काकींची वेणी सोडायची, खोबरेल लावायची आणि सैलसर पुन्हा घालायची. काकी काही बोलत नसत. फक्त कंगवा फिरायला लागला की डोळे मिटून घेत. पुढं एकदा त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि जड जिभेनं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. काकांनी उंबऱ्यातून सांगितलं, "ती इचारतीया, कुणाची पोर तू?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. त्याच्या मागं काय असतं तेही ठाऊक होतं. मी म्हणाले, "शिरवळची आहे. आम्ही बौद्ध."

काका खाली बघायला लागले. काकींचा हात मात्र होता तिथंच होता. त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं, या वेळी जरा लांबलचक. काकांनी घसा साफ केला.

"ती म्हनतीया, आईला सांग, पोरीचा हात लय हलका हाय."

शनिवारी घरी गेल्यावर मी आईला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, आणि मग म्हणाली, "त्यांना ज्वारीच्या कण्या चालतील का बघ. पातळ करून." सोमवारी मी डबा घेऊन गेले. काकींनी दोन चमचे घेतले आणि मान फिरवली.

श्रावण सुरू झाला होता. एका सकाळी मी गेले तर काका निघायच्या तयारीत होते. औषध संपलं होतं आणि ते गावातल्या एकाच दुकानात मिळायचं. "जरा बसता का हिच्यापशी?" त्यांनी विचारलं. मी बसले. पण मागच्या खोलीत फार कोंदट झालं होतं. पावसाची उघडीप होती, बाहेर ऊन पडलं होतं. समोरची खोली रिकामी होती, तिला रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी होती. खाटेला चाकं नव्हती, पण काकी वजनानं काहीच राहिल्या नव्हत्या. मी बाहेरच्या दोघींना हाक मारली. आम्ही तिघींनी खाट उचलली आणि समोरच्या खोलीत आणून ठेवली. घाम पुसत मी खिडकीची खिट्टी ओढली. झडप पावसानं फुगून घट्ट बसली होती. दोन धक्के दिले तेव्हा उघडली.

चिंचेची एक आडवी फांदी थेट खिडकीसमोर आली होती. हाताच्या अंतरावर नसली तरी जवळच. तिच्यावर तीन-चार घरटी ओळीनं. एका घरट्यात मोठी झालेली पिल्लं उभी राहून पंख झाडत होती, आणि एक बगळी चोचीतलं काही त्यांच्यापुढं टाकायच्या आधीच ती तिची चोच धरून लोंबकळत होती.

काकींच्या तोंडातून एक आवाज आला. मला वाटलं, त्रास होतोय. मी खिडकी लावायला वळले, तर त्यांनी डावा हात हवेत उचलून जोरजोरात हलवला. नको, नको. त्यांचे डोळे त्या फांदीवर होते. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, पण दुसरी बाजू हसत होती.

"पि…ल्लं," त्या म्हणाल्या. "मोठी… जाली."

मी खाटेच्या कडेला बसले. त्या बोलत राहिल्या, मी कान देऊन ऐकत राहिले, आणि न कळलेलं पुन्हा विचारत राहिले. हळूहळू उलगडलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांची खाट याच खोलीत, याच खिडकीपाशी होती. पाखरं आली ती त्यांनी बघितली. काटक्या आणताना बघितली, अंडी उबवताना बघितली. पहिलं पिल्लू बाहेर आलं त्याच सुमाराला काकांनी वासाचा त्रास नको म्हणून खिडकी लावून टाकली आणि खाट मागच्या खोलीत नेली.

काका परत आले तेव्हा मी काकींना आईनं पुन्हा दिलेल्या कण्या भरवत होते. निम्मी वाटी संपली होती. काका दारात थांबले. त्यांनी खाट बघितली, खिडकी बघितली आणि तरातरा पुढं होऊन झडपेला हात घातला. "आवं काय करताय? वास येतुया सगळा…"

काकींनी डाव्या हातानं त्यांच्या शर्टाची बाही धरली.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. हे मात्र मलाही स्वच्छ कळलं.

काका तसेच वाकून उभे राहिले. मग हळूच खाली जमिनीवर बसले, खाटेला टेकून. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुला वास येत न्हाई?"

"येतुया की."

"मग? मला का न्हाई सांगितलंस?"

काकींना शब्द जुळवायला वेळ लागला. "तुमी… इच्यारलंच कवा?"

मी वाटी घेऊन मोरीकडं गेले आणि ती गरजेपेक्षा जास्त वेळ घासली. परत आले तेव्हा काका खाटेच्या उशापाशी उभे राहून बायकोच्या बोटाच्या रोखानं बाहेर बघत होते आणि विचारत होते, "कुठलं? ते डावीकडचं? ते व्हय!"

त्यानंतर काकी जेवायला लागल्या. एकदम नाही, पण लागल्या. काका आम्हाला बातम्या द्यायला लागले. एक पिल्लू वाऱ्यात खाली पडलं, ते त्यांनी शिडी लावून परत ठेवलं. चोच मारून त्यानं मनगट फोडलं, तरी ठेवलं. "लय हरामी जात हाय," ते कौतुकानं म्हणाले. दसऱ्यापर्यंत झाड रिकामं झालं. तेव्हा ते पालिकेत आले आणि अधीक्षकांसमोर ताठ उभे राहून म्हणाले की मला झाड तोडायचं नाही. अधीक्षकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. दोघं पलटणीविषयी आणि चिंचेविषयी बराच वेळ बोलत बसले.

पण झाडाची गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. पुढच्या वैशाखात वळवाचं मोठं वादळ झालं. शहरात कितीतरी झाडं पडली. चिंचेची एक फांदी मोडून रस्त्यावर आली. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. गल्लीतले लोक चिडले. आता सगळं झाडच काढा, असा नवा अर्ज आला, आणि त्यावर बऱ्याच सह्या होत्या.

अधीक्षक आणि मी दोघं तपासायला गेलो. शिडी लावून मी वर चढले आणि लाकडी हातोडीनं खोड आणि फांद्या ठोकत गेले. निरोगी लाकूड भरीव वाजतं, पोखरलेलं डब्ब वाजतं. खोड भरीव होतं. वरच्या फांद्या चांगल्या होत्या. खिडकीसमोरच्या आडव्या फांदीवर आले आणि हातोडी मारली. डब्ब. पुन्हा मारली, पुढं सरकून मारली. बगलेत अळंब्या उगवल्या होत्या, बोट घातलं तर आत भुसकट. ती फांदी काकांच्या छपरावर झुकलेली होती. पुढच्या वादळात ती राहिली नसती आणि छपरानंही तिला पेललं नसतं.

मी खाली उतरले. अधीक्षकांनी माझ्या चेहऱ्याकडं बघून विचारलं, "तीच का?"

"तीच."

"सगळं झाड वाचवायचं असेल तर ती काढावीच लागेल. आणि पाखरं यायच्या आत."

त्यांनी मला विचारलं, काकींना सांगायचं कुणी. मी म्हणाले, मी सांगते.

काकी खिडकीपाशीच होत्या. वर्षभरात त्यांचं बोलणं थोडं सुधारलं होतं. मी खाटेवर बसले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं : फांदी पोकळ आहे, पडेल, तुमच्या अंगावर पडेल. मागं काका उभे होते.

काकींनी त्या फांदीकडं बघितलं. मग विचारलं, "बाकीचं झाड?"

"बाकीचं चांगलं आहे. ते ठेवू. त्याची जबाबदारी माझी."

"मग काढा," त्या म्हणाल्या. आणि काकांकडं बघून, "दवाखान्यात साखरंच्या जखमंपायी माझा पाय काढायचा म्हनत व्हते. तवा ह्यांनी न्हाई म्हनलं व्हतं. आता फांदीला न्हाई म्हनू नका म्हनावं."

काका नाक शिंकरत बाहेर निघून गेले.

फांदी आम्ही घाईघाईनं नाही काढली. टोकापासून थोडी थोडी, दोर बांधून, प्रत्येक तुकडा हळूच खाली सोडत. तोडणाऱ्यांना अधीक्षक खालून सांगत होते : आधी खालून काप घ्या, मग वरून, नाहीतर साल ओरबाडत खोडापर्यंत जाईल. दोर धरायला काका होते. त्या दिवशी त्यांची पलटण कामाला आली. दोराची गाठ त्यांनी कुणालाच मारू दिली नाही. काकींनी खिडकी लावू दिली नाही. सगळं होईपर्यंत बघत राहिल्या. संध्याकाळी खिडकीतून नुसतं आकाश दिसायला लागलं.

तो मृग फार जड गेला मला. पाखरं येतील का, आली तर कुठं बसतील, मी रोज त्या गल्लीवरून सायकल न्यायची. आली. नेहमीपेक्षा थोडी उशिरा आली, आणि खिडकीच्या बाजूला एकही न बसता पलीकडच्या अंगाला, परसाकडं झुकलेल्या फांद्यांवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर समोरच्या खोलीत खाट नव्हती. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"हिकडं या, हिकडं!"

परसात त्यांनी चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधली होती, लष्करी तंबूसारखी, चारी बाजूंनी दोर ताणून. तिच्याखाली खाट. खाटेवर काकी, उशीला टेकून, अंगावर शाल. ताडपत्रीवर टपटप पडत होतं.

"सकाळी उचलून आणतो, ऊन चढलं का आत नेतो," काका म्हणाले. "काय न्हाई, हलकी हाय."

"तुमी पडला तर दोघं बी खाटंवर," काकी म्हणाल्या.

गल्लीची तक्रार मात्र राहिली होतीच, आणि ती रास्तही होती. अधीक्षकांचं म्हणणं असं की एकाच झाडावर एवढी पाखरं येतात, कारण आसपास दुसरं मोठं झाडच उरलेलं नाही. वसाहतीच्या टोकाला ओढ्याकाठी पालिकेची एक मोकळी जागा होती. तिथं लोक राडारोडा टाकायचे. ती जागा आम्ही साफ केली आणि त्या पावसात करंज, वावळा, उंबर, चिंच अशी झाडं दाट लावली. बागेसारखी ओळीनं न लावता, रानात असतात तशी मिसळून. खत होतं ते चिंचेखालच्याच भुशाचं. गल्लीतल्या लोकांना सांगितलं की तुमचा त्रास लगेच संपणार नाही; ही झाडं मोठी होतील तेव्हा पाखरं वाटली जातील. काही हसले. काहींनी आपापल्या मुलांच्या हातून एकेक रोप लावलं. राखणीला पालिकेकडं माणूस नव्हता. काकांनी ते काम कुणी न सांगता अंगावर घेतलं. काकींचं दुपारचं आटोपलं की ते काठी घेऊन जायचे, शेरडं हाकायचे, आळी करायचे आणि येऊन काकींना सांगायचे.

दशक संपत आलं तेव्हा मी सामाजिक वनीकरणात निवडले गेले आणि साताऱ्याला आले. अधीक्षक तोवर निवृत्त होऊन घरी होते. त्यांच्याच टेकडीचा वरचा, अजून उघडा असलेला भाग माझ्याकडं आला. सकाळी ते काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत यायचे आणि खालूनच ओरडून सूचना द्यायचे.

काकी गेल्याचं मला साताऱ्यातच कळलं, तेही उशिरा. जायला हवं होतं, पण वणव्याचे दिवस होते, टेकडी सोडता येत नव्हती. पुढं एका उन्हाळ्यात काका पलटणीतल्या दोस्ताच्या घरी लग्नाला साताऱ्याला आले आणि पत्ता विचारत कचेरीत पोचले. मी त्यांना टेकडीवर घेऊन गेले. ते धापा टाकत चढले, पण मी हात द्यायला गेले तर घेतला नाही. वरच्या चरांच्या काठाला गुडघ्याएवढी रोपं होती. एका दगडावर बसून त्यांनी ती बघितली. खाली शहर, मध्ये अधीक्षकांचं जुनं, आता चांगलं दाट झालेलं रान.

मग त्यांनीच विषय काढला. "ती गेली तवा थंडी व्हती. झाड मोकळं व्हतं. पाखरं न्हवती," ते म्हणाले. "बरं झालं येका अर्थी. पिल्लं आसती तर तिचा जीव अडकला आसता."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी घालून परत ठेवला.

"तुमी वेनी घातली का ती मला म्हनायची, बघून घ्या, बघून घ्या. मग शिकलो. शेवटी शेवटी बरी जमत व्हती मला. ती म्हनली तसं." आणि लगेच दुसरीकडं बघत, "ओढ्याकाठचं वावळं छपराएवढं झालं. उंबर मात्र दोन मेलं. तुमच्याकडं हायत का उंबर?"

उतरून आम्ही रोपवाटिकेत गेलो. त्यांनी पिशव्या हातात घेऊन, मुळं बघून, पानं उलटी करून दोन उंबर निवडले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. सांगलीची गाडी भरलेली होती. कंडक्टरनं दारातच हात आडवा केला.

"आवं आजोबा, ही झाडं कुठं घेता? गाडीत चिखल नको."

"मांडीवर घेतो की."

"दोन-दोन?"

"दोन मांड्या हायत मला," काका म्हणाले आणि आत चढले.